मीटिंग चालू आहे, गॉडझिला आलाय

'शिन गॉडझिला' मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलच्या खोलीत, एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीनं बसून. सुरुवातीला आम्ही सात जण होतो. पाऊण तासानं तिघे उरलो. उठून गेलेल्यांची तक्रार एकच होती : मॉन्स्टर कमी आणि मीटिंगा जास्त. तक्रार खोटी नव्हती. टोकियोच्या खाडीतून एक अवाढव्य प्राणी बाहेर येतो आणि पडद्यावर मंत्री, सचिव, उपसचिव एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहतात. प्रत्येकाचं नाव आणि हुद्दा खाली झळकतो आणि वाचून होण्याआधीच निघून जातो. मीही तेव्हा तो नोकरशाहीवरचा विनोद समजून पाहिला आणि विसरलो.

दुसऱ्यांदा पाहिला तो नोकरी लागून चार वर्षं झाल्यावर. त्या आठवड्यात रात्री दोन वाजता आमच्याकडे एक सेवा बंद पडली होती. ती आमची नव्हती, बाहेरच्या कंपनीकडून घेतलेली होती. कॉलवर अठरा जण होतो आणि ती आतून कशी चालते हे एकालाही माहीत नव्हतं. आम्ही त्यांचं स्टेटस पेज रिफ्रेश करत बसलो. पहाटे त्यांचा निरोप आला : दुरुस्तीसाठी तुमचा एक भाग पुसून टाकावा लागेल, अर्ध्या तासात होकार कळवा. विचारण्याची पद्धत अगदी सभ्य होती. पण 'नाही' म्हणायला हातात दुसरा पर्याय लागतो, आणि तो आम्ही तीन वर्षांपूर्वीच खर्च वाचवायला बंद केला होता. आम्ही 'हो' म्हणालो.

त्याच शनिवारी होस्टेलमधला एक मित्र व्हिडिओ कॉलवर होता. तो हल्ली कावासाकीला असतो, मुसाशी-कोसुगी स्टेशनाजवळ. सिनेमातला गॉडझिला त्याच भागातून तामा नदीकडे जातो, म्हणून त्याला तो पुन्हा बघायचा होता. आम्ही दोघांनी एकाच वेळी प्ले दाबलं. या वेळी मला मीटिंगाच जास्त दिसल्या, आणि त्यात हसण्यासारखं कमी दिसलं. त्या खोल्यांमध्ये सतत एकच प्रश्न फिरत असतो : हा निर्णय घ्यायचा अधिकार कुणाचा आहे? आणि अर्ध्या सिनेमानंतर त्याचं उत्तर टोकियोबाहेर जातं.

पैशाचा हिशेब

मित्रराष्ट्रं अमेरिकेच्या लष्करी ताकदीवर फार विसंबून आहेत का, हा वाद जपानच्या बाबतीत बहुतेक वेळा पैशावरच येऊन थांबतो. जून २०१९मध्ये ट्रम्प एका मुलाखतीत म्हणाले होते, की जपानवर हल्ला झाला तर आम्ही लढायचं, पण आमच्यावर झाला तर जपानी लोक सोनीच्या टीव्हीवर बघत बसले तरी चालतं. म्हणणं असं, की जपान फुकट राहतोय.

या बाजूनं पुरावे आहेत. १९४७ साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम ९नं जपाननं युद्धाचा हक्क सोडला. पुढे पंतप्रधान योशिदा यांच्या काळात धोरण ठरलं : संरक्षण अमेरिकेकडे, आपलं लक्ष अर्थव्यवस्थेवर. १९७६मध्ये मंत्रिमंडळानं संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास रोखायचं ठरवलं, आणि ती मर्यादा पुढची कित्येक दशकं जवळपास सवय म्हणून टिकली.

दुसऱ्या बाजूनंही पुरावे आहेत. १९७८पासून जपान आपल्या भूमीवरच्या अमेरिकी तळांच्या खर्चातला मोठा वाटा उचलतो. त्या तरतुदीला जपानीत 'ओमोइयारी' म्हणजे सहानुभूतीचं बजेट असं नाव पडलं. घरमालकानंच भाडेकरूला भाडं द्यावं तसा हा प्रकार. १९९१च्या आखाती युद्धात जपाननं १३ अब्ज डॉलर दिले, आणि युद्धानंतर कुवेतनं वर्तमानपत्रांत आभाराची जाहिरात दिली तेव्हा त्या यादीत जपानचं नाव नव्हतं. ती जाहिरात जपानी राजकारण्यांच्या मनात आजही सलते.

हे आकडे दोन्ही पक्षांना पुरतात, म्हणूनच वाद संपत नाही. हिशेबाच्या वहीत कुणी किती दिले ते कळतं. कोण कुणाला 'नाही' म्हणू शकतं ते त्या वहीत नसतं. ते बघायला मला गॉडझिलाचे सिनेमे जास्त उपयोगी वाटतात. हा प्राणी जन्मल्यापासून जपानच्या संरक्षणाच्या प्रश्नाभोवतीच फिरतोय. प्रत्येक पिढीचा दिग्दर्शक त्याला पाण्यातून बाहेर काढतो आणि नकळत सांगून जातो, की या वेळी अमेरिकेला कुठे उभं करायचं हे त्याला कसं जड गेलं.

१९५४ : नाव न घेता

इशिरो होंडाचा पहिला 'गोजिरा' ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर 'कॅसल ब्राव्हो' ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवर तिची किरणोत्सर्गी राख पडली. बोटीवर २३ जण होते. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. म्हणजे सिनेमा आला तेव्हा त्या मृत्यूला दोन महिनेही झाले नव्हते. जपानचं स्वसंरक्षण दलही त्याच वर्षी जुलैमध्ये उभं राहिलं होतं.

सिनेमात हायड्रोजन बॉम्ब आहे. होरपळलेली बोट आहे. इस्पितळात ओळीनं पडलेले जखमी आहेत. अमेरिका मात्र नाही. एकही अमेरिकी सैनिक दिसत नाही, कुणी मदत मागत नाही, बॉम्ब कुणी फोडला हे कुणी बोलत नाही. टोकियोच्या आजूबाजूला तेव्हा अमेरिकी तळ होते, पण पडद्यावरचा देश एकटा लढतो.

यातला एक प्रसंग माझ्या मते सगळ्या मालिकेची किल्ली आहे. संसदेच्या समितीत एक सदस्य उभा राहतो आणि म्हणतो, की गोजिराचा संबंध बॉम्बच्या चाचण्यांशी आहे हे जाहीर करू नये, आधीच नाजूक असलेले परराष्ट्रसंबंध त्यानं बिघडतील. विरोधी बाकांवरच्या बायका संतापून उठतात : खरं ते खरं, सांगून टाका. गोंधळ माजतो. शहर पायाखाली जायची वेळ आली आहे आणि सभागृह चर्चा करतंय, की ज्याच्यामुळे हे झालं त्याचं नाव घेणं परवडेल का. होंडानं ज्याचं नाव पात्रांना घेऊ दिलं नाही ते सिनेमानंही घेतलं नाही. मला यात भित्रेपणापेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो. नाव घेता येत नाही, एवढं तरी त्यानं दाखवलं.

नाव का घेता येत नव्हतं? १९५१चा संरक्षण करार वाचला की कळतं. ८ सप्टेंबर १९५१ला सॅन फ्रान्सिस्कोत शांतता करार झाला, जपानला सार्वभौमत्व परत मिळालं. त्याच दिवशी, त्याच शहरातल्या एका लष्करी तळावर दुसरा करार झाला. जपानकडून त्यावर एकट्या योशिदांची सही आहे. त्या करारानं अमेरिकेला जपानमध्ये सैन्य ठेवायचा हक्क मिळाला, पण जपानचं रक्षण करायचं स्पष्ट बंधन तिच्यावर नव्हतं. उलट जपान सरकारनं विनंती केली तर देशांतर्गत दंगली मोडायलाही ते सैन्य वापरता येणार होतं. कराराला मुदत नव्हती. सकाळी स्वतंत्र झालेला देश संध्याकाळपर्यंत बांधला गेला होता.

दोन वर्षांनी, १९५६मध्ये, हाच सिनेमा अमेरिकेत कापून-जोडून दाखवला गेला. बॉम्बबद्दलचं बरंच बोलणं गळलं आणि त्यात एक अमेरिकी पत्रकार घुसवला. रेमंड बर हा नट खिडकीतून जळतं टोकियो बघत राहतो आणि आपल्याला काय चाललंय ते सांगतो. मूळ सिनेमात नसलेला अमेरिकी माणूस असा परत आला, तोही साक्षीदार म्हणून.

२०१६ : फोन एकच

हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांचा 'शिन गॉडझिला' जुलै २०१६मध्ये आला आणि पुढच्या वर्षी जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. आन्नोला आपल्यातले बरेच जण 'इव्हँजेलियन'मुळे ओळखतात. त्यानं अमेरिकेला नावानिशी, पूर्ण आकारात आत आणलं.

सिनेमाचे दोन भाग समोरासमोर ठेवून बघा. पहिल्या भागात प्राणी अजून वाढतोय, कामाताच्या रस्त्यांवरून सरपटतोय, शिनागावात उभा राहतोय. स्वसंरक्षण दलाची हेलिकॉप्टरं समोर येतात. गोळी झाडायची परवानगी वैमानिकापासून वर चढत चढत पंतप्रधान ओकोचींपर्यंत जाते. शेवटच्या क्षणी कुणाला तरी रेल्वे फाटक ओलांडणारी दोन माणसं दिसतात, एकाच्या पाठीवर म्हातारं माणूस. ही बातमी पुन्हा तशीच वर जाते. ओकोची म्हणतात, आपल्या सैन्याची गोळी आपल्या नागरिकांवर चालणार नाही. हल्ला रद्द होतो, प्राणी समुद्रात परत जातो, आणि पुढे दुप्पट होऊन येतो.

होस्टेलमध्ये आम्हाला हा गाढवपणा वाटला होता. आता वाटतं, सगळ्या सिनेमात हाच एक निर्णय पूर्णपणे जपानचा आहे. तो चुकतो, त्याची किंमत मोठी आहे. पण ज्या दोन माणसांसाठी तो घेतला ती निर्णय घेणाऱ्याला मोजावी लागतात, कारण ती त्याचीच माणसं आहेत.

दुसऱ्या भागात तामा नदीवर स्वसंरक्षण दल आपल्याकडचं सगळं वापरून बघतं आणि हरतं. मग अमेरिकेची बी-२ बॉम्बफेकी विमानं येतात. गॉडझिला पहिल्यांदाच जखमी होतो आणि चवताळून असा भडकतो, की विमानं, मध्य टोकियो आणि पंतप्रधानांसकट अर्धं मंत्रिमंडळ एका रात्रीत संपतं. यानंतर अमेरिकेच्या पुढाकारानं आंतरराष्ट्रीय निर्णय होतो : टोकियोवर अणुबॉम्ब. लाखो लोकांना हलवायला थोडे दिवस मिळतात आणि घड्याळ सुरू होतं.

या निर्णयात दुष्टपणा कुठेच नाही, आणि हीच आन्नोची ताकद आहे. अमेरिकी अध्यक्षांची खास दूत कायोको ॲन पॅटरसन हिची आजी जपानी आहे, अणुबॉम्बमधून वाचलेली. तिला तिसरा बॉम्ब नको आहे. अमेरिकेच्या बाजूनं बघितलं तर हिशेबही चुकीचा नाही, प्राणी जगभर पसरू शकतो. जपानी मंत्र्यांमध्येही हा मार्ग व्यवहार्य मानणारे आहेत. फक्त त्या खोलीत आता कुणाच्या तोंडून 'थांबा, फाटकात दोन माणसं आहेत' असं निघू शकत नाही. निघालं तरी ते योग्य जागी पोचणार नाही.

मला सिनेमाचं म्हणणं इथे दिसतं. मदत मागायचा फोन आणि बॉम्बची वेळ कळवणारा फोन एकच आहे. दोन्हीकडे तोच करार, तीच मैत्री, तोच सभ्य आवाज. परावलंबनाची किंमत शांततेच्या काळात बजेटमध्ये दिसते. संकटात ती दिसते ती निर्णयाचं टेबल हललंय यात. जपान हे दुसऱ्याचं मांडलिक राष्ट्र आहे आणि युद्धोत्तर काळ काही संपत नाही, अशा अर्थाचं पात्रं आपसात बोलतातही. कडवटपणे, पण लगेच पुढच्या कामाला लागत.

नवे काळजीवाहू पंतप्रधान आधी शेतीमंत्री होते. पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्यांची तक्रार असते, की बोलावल्यामुळे नूडल्स मऊ पडल्या. सिनेमा त्यांना विदूषक म्हणून आणतो आणि शेवटी तेच फ्रान्सच्या राजदूतापुढे कमरेत वाकून उभे राहतात, बॉम्ब थोडा लांबावा म्हणून. त्या वाकण्यात लाचारी आहे आणि राज्यकारभारही आहे. 'नाही' म्हणता येत नसेल तेव्हा 'जरा थांबा' म्हणता येतं का, एवढंच ते शोधतायत.

आन्नोची चलाखी

मात्र शेवटाला सिनेमा सूट घेतो. उपसचिव यागुचीच्या तुकडीत हुशार, तऱ्हेवाईक, सरकारी खात्यांत कुणाला नको असलेले लोक आहेत. ते गॉडझिलाचं रक्त गोठवायचा उपाय काढतात. जर्मनीतली एक संस्था संगणक देते, अमेरिका ड्रोन देते. स्फोटकांनी भरलेली शिनकानसेन आणि लोकल ट्रेन राक्षसाच्या पायावर आदळतात, मग काँक्रीटचे पंप त्याच्या तोंडात औषध ओततात. हे पंप फुकुशिमाची आठवण करून देतात. २०११मध्ये तिथल्या अणुप्रकल्पात पाणी ओतायला असेच पंप लावले होते. हे बघताना अंगावर काटा येतो. मी इंजिनिअर आहे, मला तर यावं तसा आला.

पण नीट बघितलं तर निष्कर्ष फारच सोयीचा आहे. देश परावलंबी झाला कारण म्हातारे नेते मीटिंगांत अडकले होते, तरुण हुशारांना मोकळीक दिली की देश सावरतो. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना हे उत्तर भयंकर आवडतं, कारण त्यात हिरो आपणच असतो. खरं परावलंबन असं हुशारीनं एका रात्रीत फिटत नाही. ते करारांत असतं, सवयींत असतं, आकाशातल्या रेषांत असतं. टोकियोच्या पश्चिमेला योकोता इथे अमेरिकी हवाई तळ आहे. इझूपासून नीगातापर्यंतच्या मोठ्या आकाशाचं नियंत्रण त्या तळाकडे आहे, आणि जपानची स्वतःची प्रवासी विमानं वर्षानुवर्षं त्याला वळसा घालून किंवा वरून जात आली. २०२०मध्ये हानेदाच्या नव्या मार्गांसाठी त्यातला एक कोपरा वापरायला मिळाला, तोही वाटाघाटी करून. राजधानीच्या आकाशातली ही गोष्ट मित्राला सांगितली तेव्हा तो पाच वर्षं तिथे राहूनही ती त्याला नवीन होती. म्हणाला, "ऑफिसात हा विषयच निघत नाही रे."

२०२३ : एका वाक्यात गेलेले अमेरिकी

ताकाशी यामाझाकीचा 'गॉडझिला मायनस वन' आपल्याकडे जास्त लोकांनी पाहिलाय. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच होतं. कामिकाझे मोहिमेतून पळालेला वैमानिक शिकिशिमा, त्याचं अपराधीपण, कुणी जवळचं नसताना जमलेलं कुटुंब, हे सगळं मनाला लागतं. मीही रडलो.

तरी मला तो तिघांत सगळ्यात चुकार वाटतो. कथा १९४७ची आहे. जपानकडे सैन्य नाही. अमेरिका सांगते, की सोव्हिएत संघाशी तणाव आहे म्हणून आम्ही इथे कारवाई करू शकत नाही. एवढ्यावर अमेरिकेचं काम संपतं. मग माजी नौसैनिक स्वेच्छेनं जमतात, निःशस्त्र केलेली जुनी जहाजं घेऊन सागामीच्या उपसागरात जातात आणि एकजुटीनं राक्षसाला हरवतात.

अडचण ही, की १९४७चं जपान रिकामं नव्हतं. ते व्यापलेलं होतं. मॅकआर्थर टोकियोत बसून देश चालवत होते. सिनेमातला सगळ्यात जबरदस्त हल्ला गिंझावर होतो आणि त्या काळी गिंझाच्या मोठ्या दुकानांमध्ये अमेरिकी सैनिकांसाठी राखीव बाजार होता. पडद्यावरच्या गिंझात ते सैनिक जवळजवळ दिसतच नाहीत. १९५४मध्ये अमेरिका दाखवली नाही कारण दाखवणं जड होतं, आणि तो जडपणा संसदेच्या प्रसंगात उरला. २०२३मध्ये ती दाखवली नाही कारण तिच्याशिवाय गोष्ट सुंदर होते. परावलंबन पुसलं की उरतं ते निव्वळ शौर्य, आणि त्याला प्रश्न विचारता येत नाहीत.

न आलेला प्रसंग

तिन्ही सिनेमांत एक जागा नाही : ओकिनावा. देशाच्या भूभागापैकी सुमारे ०.६ टक्के असलेल्या या बेटांवर जपानमधल्या फक्त अमेरिकी वापराच्या तळांचं सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. १९५२मध्ये बाकीचा जपान स्वतंत्र झाला तरी ओकिनावा अमेरिकी प्रशासनाखालीच राहिला, थेट १५ मे १९७२पर्यंत.

गॉडझिला तिथे कधीच गेला नाही असं नाही. १९७४चा 'गॉडझिला विरुद्ध मेकागॉडझिला' ओकिनावातच घडतो. त्यात एका म्हाताऱ्या आजोबांना मुख्य भूमीच्या जपानी लोकांचा जुना राग आहे. मॉन्स्टर येऊन त्यांना धडा शिकवेल असं त्यांना वाटतं. एका ओळीत केवढा इतिहास! पण सिनेमा तो राग अंधश्रद्धेसारखा बाजूला ठेवून परग्रहवासीयांकडे वळतो.

खरा प्रसंग १३ ऑगस्ट २००४ला घडला. फुतेन्मा तळावरचं एक अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टर ओकिनावा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या आवारात इमारतीला धडकून कोसळलं. सुट्ट्या होत्या, विद्यापीठातलं कुणी मेलं नाही. अमेरिकी सैनिकांनी आवाराला वेढा घातला आणि जपानी पोलिसांना अपघाताच्या जागी तपास करू दिला नाही. जपानच्या भूमीवर, जपानी विद्यापीठात, जपानी पोलिस दोरीच्या बाहेर उभे. आन्नोच्या कुठल्याही मीटिंगपेक्षा हे दृश्य जास्त सांगतं. इथे राक्षस नाही, घड्याळ नाही, जग वाचवायचं नाही. साधा अपघात आहे, आणि टेबल तरीही हललेलं आहे.

फेब्रुवारी २०१९मध्ये हेनोको इथे नव्या तळासाठी समुद्रात भराव घालावा का यावर ओकिनावात सार्वमत झालं. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोक विरोधात होते. भराव चालू राहिला. हे टोकियोनं केलं, वॉशिंग्टननं नव्हे. म्हणून 'जपान अमेरिकेवर विसंबून आहे' हे वाक्य मला अर्धवट वाटायला लागलं आहे. टोकियो अमेरिकेवर विसंबून आहे आणि त्यासाठी ओकिनावावर विसंबून आहे. मोठ्याला 'नाही' म्हणता येत नसलं, की ते न म्हटलेलं 'नाही' कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडतं.

नाही म्हणता येतं का?

भारताचा या गोष्टीशी एक छोटा संबंध आहे. १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नाही. आक्षेपांमध्ये हे दोन होते, की ओकिनावाचा र्‍युक्यू बेटसमूह जपानला परत मिळत नाही, आणि परकं सैन्य ठेवण्याची सोय शांतता करारातच केली आहे. भारतानं ९ जून १९५२ला जपानशी वेगळा करार केला. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, पण बेतानं. पुढच्या दशकांत आपली विमानं, रणगाडे, पाणबुड्या आणि त्यांचे सुटे भाग कुठून येत होते हे आठवलं की परावलंबनावर बोलायचा आवाज आपोआप खाली येतो.

मग जपान फार विसंबून आहे का? माझं उत्तर 'हो' आहे, पण ट्रम्प यांच्या कारणासाठी नाही. डिसेंबर २०२२मध्ये जपाननं संरक्षणखर्च २०२७पर्यंत दोन टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. हिशेबाच्या वहीत हे स्वावलंबन दिसेल. त्यातला एक मोठा खर्च आहे अमेरिकी टॉमहॉक क्षेपणास्त्रांचा, त्यांच्या ४००पर्यंत खरेदीचा करार जानेवारी २०२४मध्ये झाला. परकं शस्त्र घेतलं की त्याचे सुटे भाग आणि पुढची सुधारणाही तिकडूनच येते. जास्त पैसे देऊन जास्त विसंबता येतं, हे माझ्या क्षेत्रात कुणालाही विचारा.

विसंबणं हेच वाईट, असंही मी म्हणत नाही. २०११च्या भूकंपानंतर अमेरिकी सैन्यानं जपानला मोठी मदत केली आणि तिथल्या लोकांना ती आठवते. शेजारी चीन, उत्तर कोरिया आणि रशिया असताना एकट्यानं उभं राहा असं पुण्यात बसून सांगणं सोपं आहे. मोजायचं एवढंच, की विसंबूनही फाटकातल्या दोन माणसांसाठी कुणाला थांबवता येतं का. आणि थांबवता येत नसेल तर ती दोन माणसं कोण, ती नेहमी त्याच बेटांवरची का असतात.

'शिन गॉडझिला'च्या शेवटी राक्षस मरत नाही. टोकियो स्टेशनजवळ गोठून उभा राहतो, इमारतींएवढा. अणुबॉम्बचं घड्याळही बंद होत नाही, नुसतं थांबतं. तो हलला, की एका तासापेक्षा कमी वेळ उरलेला असेल. लोक त्याच शहरात परत येणार आहेत. सिनेमा संपल्यावर मित्र उठून खिडकीपाशी गेला आणि त्यानं फोन बाहेर वळवला. नदी, पूल, दिवे, शनिवारची गर्दी. मी विचारलं, "विमानं दिसतायत का रे?" तो म्हणाला, "दिसतायत. पण कुणाची, ते इथून नाही कळत."